‘मेक अप’चा तक्ता फाडा

इंग्रजी शिकवण्याच्या आमच्याकडच्या धंद्यात तक्ता नावाची एक वस्तू आहे. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ आणि मध्ये एक उभी रेघ. हा तक्ता गाइडात असतो, क्लासच्या भिंतीवर असतो आणि हल्ली तर ओळखीपाळखीची माणसे तो सकाळच्या सुप्रभाताबरोबर मोबाईलवरही पाठवून देतात. यांतल्या एका तक्त्यावर माझा फार दिवसांचा राग आहे. तो असा : ‘मेक अप’ : एक, बनवणे. दोन, भरून काढणे. तीन, समेट करणे. चार, खोटी गोष्ट रचणे. पाच, चेहरा रंगवणे. सहा, निश्चय करणे. सात, औषध तयार करणे. आणि खाली ठळक अक्षरांत सूचना : पाठ करा.

पाठ करा! म्हणजे समेट आणि औषध, खोटी गोष्ट आणि चेहरा, यांचा एकमेकांशी काय संबंध हे विचारू नका. इंग्रजांची लहर फिरली आणि त्यांनी एकाच खुंटीला सात टोप्या अडकवल्या; त्या मोजा आणि पुढे चला. मी पस्तीस वर्षे मराठी शाळांतून इंग्रजी शिकवले. ‘द टू ब्रदर्स क्वॉरल्ड अँड देन मेड अप’ या वाक्याचे भाषांतर ‘दोघे भाऊ भांडले आणि मग त्यांनी मेकअप केला’ असे झालेले मी उत्तरपत्रिकेत वाचले आहे. मास्तरांच्या खोलीत त्यावर बरीच हसाहस झाली. पण मला विचाराल तर त्या मुलाचा त्यात काडीचा दोष नाही. त्याने सातांतली एक टोपी उचलली, ती चुकीची निघाली, एवढेच. सट्ट्यात याहून निराळे काय होते?

माझे म्हणणे थोडक्यात सांगतो, म्हणजे ज्यांना फराळाकडे वळायचे आहे त्यांना वळता येईल. ‘मेक अप’चे अर्थ सात नाहीत. अर्थ एकच आहे, आणि तो मराठी मुलाला अर्ध्या तासात समजावता येतो. मात्र त्यासाठी त्या मुलाला मराठी यावी लागते. आणि नेमकी तीच आपण मोठ्या हौसेने त्याच्याकडून काढून घेत आहोत.

आधी आपल्या घरात येऊन राहिलेल्या ‘मेकअप’कडे पाहू. रंगभूषा हा शब्द नाटकवाल्यांनी अजून जिवंत ठेवला आहे हे त्यांचे उपकार. पण लग्नाच्या हॉलवर आत नवरीची रंगभूषा चालली आहे असे कोणी म्हणत नाही. माझी त्याला हरकत नाही. हरकत एवढीच की हा एक पाहुणा दारात असा ऐसपैस बसला आहे की त्याच्यामागचे सगळे घराणे आपल्याला दिसेनासे झाले. मजा अशी की इंग्रजीतही हा अर्थ रंगभूमीवरूनच आला. नट भूमिकेसाठी तोंड रंगवी, तो ‘मेकअप’. सभ्य घरातल्या बायका जे लावीत त्याला ‘कॉस्मेटिक्स’ म्हणत. पोलंडमधून अमेरिकेत गेलेल्या आणि हॉलिवुडच्या नटनट्यांची तोंडे रंगवणाऱ्या मॅक्स फॅक्टरने १९२०च्या सुमारास आपल्या मालाला हे नाटकी नाव उघडपणे लावले, आणि मग ते घरोघरी गेले. तेव्हा मुळात ‘मेकअप’ म्हणजे सुंदर करणे नव्हेच. चेटकिणीचे काम करणारीसुद्धा ‘मेकअप’च करते. सोंगाला आपल्या चेहऱ्यात जे कमी पडते ते भरायचे आणि सोंग पुरे करायचे, ही त्यातली खरी क्रिया.

‘पुरे करायचे’ हे शब्द लक्षात ठेवा, कारण सगळी गोम तिथे आहे. ‘मेक’ म्हणजे करणे, घडवणे. यात भांडण नाही. घोटाळा करतो तो ‘अप’. आम्ही मुलांना पहिलीत हात वर करून शिकवतो : ‘अप’ म्हणजे वर. मग मूल बिचारे ‘मेक अप’मध्ये काय वर गेले ते शोधत बसते. वर काहीच गेलेले नाही. इंग्रजीतला हा ‘अप’ पुष्कळदा काम तडीस गेल्याचा शिक्का असतो. ‘ईट अप’, ‘ड्रिंक अप’, ‘यूझ अप’, ‘टेअर अप’ यांतल्या कशातही कोणी जिना चढत नाही. कागद ‘टेअर’ केला तर तो फाटला. ‘टेअर अप’ केला तर त्याच्या चिंध्या झाल्या. गंमत पाहायची असेल तर घराला आग लावून पाहा : इंग्रजीत ते ‘बर्न अप’ही होते आणि ‘बर्न डाउन’ही होते, आणि राख एकच उरते.

आता हा शिक्का ‘मेक’वर मारा. जे अपुरे आहे, विस्कटलेले आहे, तुटलेले आहे, ते जुळवून, भर घालून पुरे करणे म्हणजे ‘मेक अप’. अकरा खेळाडूंनी संघ पुरा होतो. दोन दिवस बुडाले, रविवारी जादा काम करून ती तूट पुरी केली. तुटलेले मन जुळवले. इकडच्या तिकडच्या तुकड्यांची गोष्ट जुळवली. मन डळमळत होते, ते पक्के केले. इंग्लंडात शेगडीत कोळसे घालून ती धगधगती ठेवतात, तेही ‘मेक अप’. दिवाळीला आयत्या वेळी पाहुणा आला आणि त्याच्यासाठी खाली एक गादी घातली, तेही. जुन्या दवाखान्यात डॉक्टरची चिठ्ठी घेऊन कंपाउंडर आत जाई, तीन बाटल्यांतले तीन द्रव एका बाटलीत ओती, पाणी घालून ती भरी आणि डोसांच्या खुणांची कातरलेली कागदाची पट्टी तिच्यावर चिकटवी. ‘मेक अप’चे इतके चोख उदाहरण दुसरे नाही. छापखान्यातही हा शब्द होता. जुळलेला मजकूर, ठसे आणि जाहिराती पानात बसवण्याला इंग्रज ‘मेक अप’ म्हणे आणि आमचा कंपॉझिटर ‘पान लावणे’ म्हणे. शेक्सपिअरच्या ‘तिसरा रिचर्ड’ या नाटकात तो कुबडा सुरुवातीच्याच भाषणात तक्रार करतो की मला धड पुरते घडवायच्या आतच या जगात ढकलून दिले. तिथे क्रियापद हेच आहे. म्हणजे चारशेहून अधिक वर्षे या शब्दाचे पोट तेच आहे. बदलले ते वरचे कपडे.

‘पण मास्तर,’ कोणी म्हणेल, ‘हा अप असा विचित्रच नाही का? वर नाही तर मग अप कशाला?’ छान विचारलेत. आता जरा आपल्याच स्वयंपाकघरात जाऊ. आई मुलाला म्हणते, ‘दूध पिऊन टाक.’ आजवर कोणत्या मराठी मुलाने ते दूध मोरीत टाकले? ‘टाक’ म्हणजे इथे फेकणे नव्हे. काम एकदाचे पुरे कर, मागे काही ठेवू नकोस. इंग्रज आई त्याच वेळी, त्याच सुरात, तशाच पेल्याकडे बोट करून म्हणते, ‘ड्रिंक अप.’ तिचा ‘अप’ आणि आपला ‘टाक’ हे असे शेजारी शेजारी उभे आहेत. आणि आपली आई तिच्यापेक्षा श्रीमंत आहे हो! ती ‘खाऊन टाक’ म्हणते तेव्हा उरलेली अर्धी पोळी संपवायची असते; ‘खाऊन घे’ म्हणते तेव्हा शाळेची वेळ झालेली असते; ‘करून ठेव’ म्हणते तेव्हा ते काम पुढे कोणाच्या तरी उपयोगी पडणार असते. फेकणे नाही, घेणे नाही, ठेवणे नाही. आणि चार वर्षांचे पोर हे तिन्ही बिनचूक समजते. व्याकरणकारांनी संयुक्त क्रियापद कशाला म्हणावे यावर वाद घातले. मोरो केशव दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली निघाले आणि त्यानंतरही ती चर्चा मिटली नाही. पोरांना त्याचे सोयरसुतक नव्हते. ती दूध पिऊन टाकीत होती.

तक्त्यातला दुसरा अर्थ पुन्हा वाचा : ‘भरून काढणे’. भरायचे आणि वर काढायचे? एका इंग्रजाने जर मराठीचा तक्ता केला तर तो ‘काढणे’समोर काय काय लिहील? आपण रांगोळी काढतो आणि दृष्ट काढतो. म्हशीची धार काढतो आणि बँकेचे कर्ज काढतो. तिकीट काढतो, फोटो काढतो, झोप काढतो, कोणाची खोडी काढतो, गेलेल्या माणसाची आठवण काढतो, रुसलेल्याची समजूत काढतो, आणि वाईट दिवस आले तर तेही काढतो. संपादक दिवाळी अंक काढतात आणि वर्गणीदार त्यातल्या चुका काढतात. त्या इंग्रजाने हे सगळे एकाखाली एक लिहून ‘पाठ करा’ म्हटले तर आपण त्याला वेड्यात काढू. पाहा, पुन्हा काढलेच! आपल्याला हे कधी पाठ करावे लागले नाही, कारण आपण एकेक वाक्य प्रसंगात ऐकले आणि त्यामागची एक ओढ ओळखली : आत असलेले बाहेर आणणे. मग जे रांगोळीला लागू, तेच ‘मेक अप’ला का नसावे?

इंग्रजांना ही आपली अडचण ठाऊक नव्हती असेही नाही. डॉ. जॉन्सनने १७५५ साली आपला कोश काढला, त्याच्या प्रस्तावनेतच त्याने बजावले आहे की क्रियापदामागे असा छोटा शब्द जोडून अर्थ फिरवण्याची आमच्या भाषेची जी खोड आहे ती परक्याला सर्वांत जास्त जड जाते. म्हणून असे प्रयोग त्याने मुद्दाम कष्टाने गोळा केले. या जातीला आज जे ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव आहे ते लोगन पिअरसॉल स्मिथच्या १९२५ सालच्या पुस्तकाने रूढ केले. नाव सुचवले ऑक्सफर्ड कोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांनी. म्हणजे नाव कालपरवाचे, वस्तू पुरातन. संस्कृत शिकलेल्यांना तर यात नवल वाटायलाच नको. एकाच ‘हृ’ धातूचे आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार आपण रोज वापरतो. जेवण आणि कत्तल यांत फरक फक्त उपसर्गाचा. आपला उपसर्ग धातूच्या पुढे बसतो, इंग्रजाचा मागे लोंबतो, एवढाच काय तो भेद.

आणि या मागे लोंबणाऱ्या शब्दांना हिशेबात न धरल्याने शहाण्यासुरत्यांचीही कशी फसगत होते पाहा. १९३० साली सी. के. ऑग्डेन या केंब्रिजच्या पंडिताने ‘बेसिक इंग्लिश’ नावाची योजना जगापुढे मांडली. फक्त ८५० शब्द शिका आणि इंग्रजी बोला! क्रियापदे तर वीसाच्याही आत. १९४३ साली हार्वर्डमध्ये चर्चिलने तिची जाहीर भलामण केली. पण ही वीस क्रियापदे हजारोंचे काम करत होती ती ‘अप’, ‘आउट’, ‘ऑफ’, ‘इन’ यांच्या खांद्यावर बसून. ‘मेक’चा एक शब्द मोजला, ‘अप’चा एक मोजला, ‘मेक अप’चा मात्र शून्य मोजला. ज्याला इंग्रजी घरातून मिळाली आहे त्याला हा हिशेब बरोबर वाटतो. शिकणाऱ्याला मात्र दुकानात गेल्यावर कळते की पाटीवरचा भाव वेगळा आणि बिल वेगळे. आमचे तक्तेवाले उलट्या टोकाला जाऊन शून्याचे सात करतात. दोन्हीकडे खरा आकडा चुकतो, तो एक आहे.

आपल्याकडे हे का रुजले नाही, याचे कारण इंग्रजी आपल्याकडे कोणत्या दाराने आली यात आहे. ती कचेरीच्या दाराने आली, कॉलेजच्या दाराने आली. ‘मेक’ आणि ‘अप’ हे दोन्ही शब्द इंग्रजांच्या चुलीजवळचे, १०६६ साली नॉर्मन लोक त्यांच्या उरावर येऊन बसण्यापूर्वीचे. नॉर्मनांबरोबर फ्रेंच आली, मागाहून लॅटिनचे भांडार उघडले, आणि दरबारात, कोर्टात ‘कॉम्पेन्सेट’, ‘रिकन्साइल’, ‘कॉन्स्टिट्यूट’, ‘फॅब्रिकेट’ असे भरजरी शब्द वावरू लागले. आपल्याला हे भरजरीच मिळाले. म्हणून आपला पदवीधर दोन पोरांचे गोट्यांवरून झालेले भांडण मिटले हेसुद्धा ‘द डिस्प्यूट वॉज अमिकेबली रिझॉल्व्ड’ असे सांगतो. इंग्रज बाई म्हणते, ‘दे मेड इट अप.’ आणि वर आमची समजूत अशी की आपली इंग्रजी तिच्यापेक्षा भारी! भारी आहेच. अर्ज करायला फार भारी आहे. मुलाला कुशीत घेऊन समजूत काढायला ती चालत नाही.

बारकावे आहेत, ते मी नाकारत नाही. ‘मेक अप अ स्टोरी’ आणि ‘मेक अ स्टोरी अप’ दोन्ही चालतात, पण ‘इट’ असले की ते मधेच बसले पाहिजे. एखाद्याला ‘आय विल मेक इट अप टु यू’ म्हटले तर तुझे नुकसान भरून देईन असे झाले. तोच ‘इट’ गाळून तुम्ही साहेबाला ‘मेक अप’ ‘टु’ केलेत तर तुम्ही त्याची खुशामत केलीत. एका दोन अक्षरी सर्वनामात भरपाई आणि लाचारी यांचे अंतर! लिव्हरपूलकडचा माणूस ‘आय ॲम मेड अप’ म्हणाला तर तो आनंदून गेला आहे असे समजा, तोंड रंगवून आलेला नाही. हे सवयीनेच येते. पण मूळ पकडलेल्या मुलाला सवय लवकर लागते.

आता ज्यासाठी हे सगळे लिहायला घेतले ते सांगतो. आमच्या शेजारी सातवीतली एक मुलगी आहे. चुणचुणीत पोर. आईवडील दोघेही अस्सल मराठी. शाळा इंग्रजी माध्यमाची, नाव सांगत नाही, कारण अशा शाळा आता आळीआळीला आहेत. ती हाच सात टोप्यांचा तक्ता घेऊन माझ्याकडे आली. मी नेहमीचा मार्ग धरला. म्हटले, ‘बाळ, आई म्हणते ना, दूध पिऊन टाक?’ ती माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, ‘आजोबा, टाक म्हणजे थ्रो ना? दूध थ्रो का करायचं?’

तिची आई तिला म्हणते, ‘मिल्क फिनिश कर.’ ‘शूज वेअर कर.’ ‘हँड्स वॉश कर.’ या घरात क्रियापद एकच उरले आहे, ‘कर’. जोडे घालायचे, साडी नेसायची, गजरा माळायचा, टिकली लावायची, शाल पांघरायची, घड्याळ बांधायचे. सहा वस्तू, सहा क्रिया. त्या सगळ्यांवर आता ‘वेअर कर’चा एकच रोलर फिरला आहे. आणि याच्या बदल्यात त्या मुलीला इंग्रजी मिळाली म्हणावे तर तीही नाही. इंग्रज आईचे ‘ड्रिंक अप’, ‘पुट ऑन युअर शूज’ तिच्या कानावर कधी पडलेच नाही. पडले ते ‘फिनिश’, ‘सबमिट’, ‘कम्प्लीट’, ‘रिव्हाइज’. वर्गातली इंग्रजी, पुन्हा कचेरीचीच. माझ्याकडे जी एक किल्ली होती ती तिच्या कुलपाला लागेना, कारण कुलूपच घरच्यांनी बदलून टाकले होते.

‘टीव्हीवरून, मोबाईलवरून येते हो सगळे,’ असे मला तिच्या वडिलांनी सांगितले. येत असेल. लंडनला किंवा न्यू जर्सीला वाढणाऱ्या मराठी मुलाला तर ते खेळाच्या मैदानावरच येते; त्याला माझ्या उपदेशाची गरज नाही. प्रश्न साताऱ्याचा आणि नांदेडचा आहे. तिथे मैदानावर इंग्रजी नाही, घरात नाही. आहे ती पुस्तकात, आणि पुस्तकात तक्ता आहे. तिथे मुलाजवळ एकच भांडवल असते, आजीच्या तोंडची मराठी. ते भांडवल मोडून आपण इंग्रजीचा धंदा उभारतो आहोत. यात इंग्रजीचा द्वेष नाही. पस्तीस वर्षे जिने माझे घर चालवले तिचा मी द्वेष कसा करीन? २००० सालापासून महाराष्ट्रातल्या मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे, तेही मला मान्य आहे. मान्य नाही तो एक सोवळ्याचा नियम : इंग्रजीच्या तासाला मराठीचा विटाळ नको. का नको? ‘ड्रिंक अप’ला ‘पिऊन टाक’ म्हटल्याने इंग्रजी बाटते असे ज्यांना वाटते, त्यांनी ‘टीच’ला ‘शिकवणे’ म्हणतात हे तरी कुठून शिकले?

माझी मागणी मोठी नाही. आठवीच्या इंग्रजीच्या पुस्तकात एक पान मराठीत असावे. त्यावर वर्गातल्या मुलांनी घरून ऐकून आणलेली ‘टाक’, ‘घे’, ‘ठेव’, ‘काढ’ यांची वाक्ये लिहायला जागा असावी. आईची, आजीची, दूधवाल्याची, कंडक्टरची, कोणाचीही. मास्तरांनी ती फळ्यावर घ्यावीत आणि प्रत्येकीपुढे विचारावे, इथे खरोखर काही टाकले का, काही काढले का? मुले हसतील, एकमेकांच्या चुका काढतील, थोडी आरडाओरड होईल, होऊ द्यावी. मग त्याच फळ्यावर ‘अप’ लिहावा. तक्ता त्यानंतर हवा असेल तर मुलेच करतील, आणि त्यात उभी रेघ कुठे मारायची तेही त्यांना आपल्याहून बरे कळेल. तोवर माझ्या शेजारच्या मुलीची आई निदान संध्याकाळच्या दुधापुरती मराठीत बोलायला कबूल झाली आहे. परवा भिंतीपलीकडून आवाज आला, ‘अगं, पिऊन टाक ना!’ आणि पाठोपाठ मुलीचा, ‘कुठे टाकू?’